भूत दिसलं, हे खोटं नाही

महोदय,

सर्वपित्री अमावास्येच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत वाचकांचे भुताखेतांचे अनुभव छापून आले आणि त्यावर लगेच दोन पत्रेही आली. दोन्हींचा सूर एकच : शिकल्यासवरल्या माणसांनी असल्या भाकडकथा सांगाव्यात याची लाज वाटते. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, नोकरीचा बराच काळ रात्रपाळीत गेला. भुतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या पत्रलेखकांचेही मला पटले नाही. छातीवर कुणीतरी बसलेले ज्याला जाणवले, त्याला ते जाणवलेच आहे. ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून त्याला वाटेला लावले की तो पुन्हा आपल्याला काही सांगत नाही, सरळ देवऋषी गाठतो. देवऋषी निदान बसवून घेतो, विचारपूस करतो.

ती विचारपूस आपण का करू नये? कधी झाले? झोपेतून जाग येताना की चालताफिरताना? एकालाच की घरातल्या सगळ्यांना? एवढ्या प्रश्नांत बराच उलगडा होतो.

आपल्या पुरवणीतल्या तीन-चार अनुभवांत माणूस अंथरुणात आहे, डोळे उघडे आहेत, हाक मारायची आहे पण आवाज फुटत नाही. याला डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाहीतर स्वप्नातले धावणे आपण खरोखर धावलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. खोली आपलीच दिसते, पण त्यात स्वप्नातला माणूस अजून उभा असतो. छातीचे स्नायूही ढिले असल्याने खोल श्वास घेता येत नाही, म्हणून कुणी दाबते आहे असे वाटते. आपल्याकडे त्याचा मुंजा होतो, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी छातीवर बसते. अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणारे सुमारे ८ टक्के, विद्यार्थ्यांत मात्र २८ टक्के. जागरण, वेळीअवेळी झोप आणि उताणे झोपणे याला पोषक. आमच्या वसतिगृहातली एक खोली ‘झपाटलेली’ म्हणून प्रसिद्ध होती. रात्रपाळी करून आलेल्या मुली तिथेच झोपायच्या, हे मात्र कुणी जोडून पाहत नसे.

‘घरातल्या सगळ्यांना’ असे उत्तर आले तर मी आधी खिडक्या उघडायला सांगेन. १९२१ साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला आल्यावर त्यांना रात्री पावलांचे आवाज येऊ लागले, अनोळखी माणसे दिसू लागली. मुले फिकी पडली, डोकेदुखी जाईना, कुंड्यांतली झाडेही मरू लागली. शेवटी घर तापवण्याची भट्टी तपासली. तिचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात पसरत होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेतो पण मेंदू उपाशी राहतो.

आपल्याकडे तशा भट्ट्या नाहीत, पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझर आहे, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी आहे. गिझरच्या बाबतीत बहुधा भूत दिसण्याइतकी सवडच मिळत नाही, माणूस कोसळतो. मग एकाच न्हाणीघरात दोघांना भोवळ आली की ‘या जागेत काहीतरी आहे’ म्हणणारे शेजारी असतातच. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो. ‘वास तर आला नाही’ हा निर्वाळा म्हणूनच कुचकामी.

एकट्या म्हाताऱ्या माणसाला भरदिवसा अंगणात वरात दिसत असेल तर डोळे तपासा. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवले. मोतीबिंदूने नजर गेलेली, बुद्धी शाबूत, आणि समोर माणसे, पक्षी, गाड्या. असे आजीआजोबा वेड लागले म्हणतील या भीतीने गप्प बसतात. आणि पाठीमागे कुणी उभे असल्याची जाणीव तर स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांच्या हातून, ठरवून नव्हे, घडलेली आहे. फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एका तरुणीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा तिला मागे एक सावली जाणवू लागली. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर सावलीने तिलाच मिठी मारली. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र विज्ञानप्रेमींना टोकते. ऐकू न येणारा, १९ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी म्हणजे भूत, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. हा किस्सा इंग्लंडमधल्या व्हिक टँडी या अभियंत्याचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. प्रयोगशाळेत त्याला करडी आकृती दिसली आणि पुढे दोष पंख्याच्या कंपनांचा निघाला. किस्सा झकास आहे. पण लंडनमध्ये ७९ जणांना रिकाम्या खोलीत फिरवून असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र दोन्ही चालूबंद करून पाहिले, तेव्हा विचित्र जाणिवा पुष्कळांना झाल्या, त्यांचा त्या यंत्रांशी संबंध लागला नाही. इथे काहीतरी जाणवेल एवढे आधी सांगणे पुरेसे ठरले असावे. शनिवारवाड्याबाहेर पौर्णिमेला ‘काका मला वाचवा’ ऐकायला उभे राहणाऱ्यांनाही ते आधीच कुणी सांगितलेले असते.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण पोलीस येईपर्यंत ती सून किंवा तो मुलगा बरेच काही सोसून झालेला असतो, कारण पहिल्या रात्री घरच्यांनी हसण्यावारी नेलेले असते.

पुढच्या वर्षी आपण असे अनुभव जरूर छापा. मागवताना मात्र एवढेच विचारा : किती वाजता, कोणत्या कुशीवर, खिडकी उघडी होती का, औषध कोणते चालू होते आणि गिझर कुठे बसवला आहे.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा