मेमसेट लिहिला आणि पासवर्ड पुसला?

संपादक महोदय,

कालच्या लेखात ‘पासवर्ड वापरून झाला की मेमसेटने बफरमध्ये शून्ये भरा’ एवढे सांगून लेखकमहाशय मोकळे झाले. (मेमसेट म्हणजे मेमरीत एकच मूल्य भरणारे सी भाषेतले फंक्शन; बफर म्हणजे पासवर्ड ठेवलेला मेमरीचा तुकडा.) शेजारच्या चौकटीत नमुन्याचा कोडही आहे. तो ओ-टू (कोड वेगवान करणारे ऑप्टिमायझेशन) लावून कंपाइल केल्यावर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरसाठी तयार झालेल्या सूचनांत, काय उरते, हे त्यांनी पाहिलेले दिसत नाही.

शेवटच्या दोन ओळी मेमसेट आणि फ्री (मेमरी परत करणे). फ्री झालेला बफर पुढे कोणी वाचणार नाही. म्हणजे कंपायलरच्या हिशेबी ती शून्ये भरणे वायफळ. तो ती ओळच उडवू शकतो, आणि जीसीसी, क्लँग हे कंपायलर ती खुशाल उडवतात. सी भाषेच्या नियमांत हे बसते, त्यामुळे साधी वॉर्निंगही येत नाही. ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या चाचणीच्या डीबग बिल्डमध्ये शून्ये दिसतात, लोकांच्या हाती जाणाऱ्या रिलीजमध्ये पासवर्ड तसाच.

म्हणूनच कंपायलरने उडवू नये असे एक्स्प्लिसिट-बीझीरो आहे; ग्लिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) आवृत्ती 2.25 पासून, म्हणजे 2017 पासून. विंडोजवर सिक्युअर-झीरो-मेमरी आहे, आणि सी भाषेच्या सी-23 या मानकात मेमसेट-एक्स्प्लिसिट आले. सी-11 चे मेमसेट-एस सुचवू नये. ते ऐच्छिक परिशिष्टातले, ग्लिबसीत नाहीच.

बरे, ओळ टिकली असे धरू. पण आकार मोजायला साइझऑफ लावलाय तो पॉइंटरला, म्हणजे बफरचा नुसता पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला! मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतले 64 बाइट, 64-बिट मशीनवर पुसले जाणार 8. बारा अक्षरी पासवर्डची शेवटची चार अक्षरे जागच्या जागी. पुसायला शिकवणाऱ्याने एवढे तरी मोजायचे होते.

रिअॅलॉकचा तर उल्लेखच नाही. बफर वाढवताना ते नवी जागा देते तेव्हा जुनी प्रत न पुसता सोडते. म्हणून नवा बफर घ्या, कॉपी करा, जुना पुसा, मग फ्री करा. स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) जाऊ नये म्हणून मेमरी रॅममध्येच अडकवणारे एमलॉक, पण हायबरनेशनमध्ये सगळी रॅम डिस्कवर उतरते, तिथे त्याचा उपयोग नाही. जावा भाषेत स्ट्रिंग (मजकुराचा प्रकार) पुसताच येत नाही; कॅरेक्टर अॅरे घ्यावा, तरी गार्बेज कलेक्टरने (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेने) हलवताना मागे ठेवलेली प्रत हाती लागत नाही ती नाहीच. 2014 च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या सुरक्षा-त्रुटीमध्ये एका विनंतीला 64 केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती, ती असल्याच उरल्यासुरल्या ऐवजासकट.

जाता जाता: चौकटीतली सरळ अवतरणचिन्हे आपल्या छपाईत वळणदार झाली आहेत. छापला तसा तो कोड कंपाइलच होत नाही. या खेपेस ते बरेच झाले म्हणा.

आपला,
एक नियमित वाचक