साहेब, आम्हाला परतीचा सामना द्या

प्रति,
मा. क्रीडा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. बास्केटबॉल बेताचंच खेळलो, पण गेली वीस-बावीस वर्षं सामन्याच्या टेबलावर बसतोय. स्कोअरशीट लिहायची, फाउल मोजायचे, घड्याळ चालवायचं. टेबलावरच्या माणसाकडं कुणाचं लक्ष नसतं, त्यामुळं त्याला बरंच दिसतं.

मध्यंतरी एका बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे म्हणाले, ‘पुढच्या वर्ल्डकपला आपला देश दिसला पाहिजे.’ टाळ्या पडल्या. मागं उभ्या असलेल्या नववीतल्या एका पोरीनं मला हळूच विचारलं, ‘सर, पण तिथं जायचं कसं असतं? बोलावतं कोण?’ पाहुण्यांची गाडी तोवर निघून गेली होती, म्हणून उत्तर मलाच द्यावं लागलं. तेच तुम्हालाही लिहून पाठवतोय.

बोलावत कुणीच नाही. पूर्वी खंडाची एक स्पर्धा व्हायची, दहा-बारा दिवसांत निकाल लागायचा आणि वरचे संघ वर्ल्डकपला जायचे. २०१७ पासून फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, ती रीत बदलली. आता पात्रता फेरी सव्वा वर्षाच्या आसपास चालते. आशिया आणि ओशनियाचे मिळून १६ संघ, चार-चारचे चार गट. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्या देशात आणि एकदा आपल्या; या जोडीतल्या एकेका सामन्याला लेग म्हणतात. हे सामने सलग होत नाहीत. नोव्हेंबर, फेब्रुवारी, जून-जुलै, ऑगस्ट अशा ठरलेल्या आठवड्यांत होतात, त्याला विंडो म्हणतात. सहा सामन्यांनंतर गटातला चौथा घरी जातो. उरलेल्या १२ जणांचे सहा-सहाचे दोन गट पडतात आणि आधीचे गुण तसेच पुढं येतात. म्हणजे पहिल्या नोव्हेंबरात झोपेत घालवलेला सामना पुढच्या वर्षीही मानगुटीवर बसलेला असतो.

आपल्याला सवय निकाली कुस्तीची. खासबागेत पाठ टेकली की विषय संपला. हा खेळ तसा नाही. इथं जिंकणाऱ्याला २ गुण, हरणाऱ्यालाही १, आणि मैदानात न येणाऱ्याला ०. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्या दोघांतले सामने बघतात, आणि तिथंही एक-एक झालं तर त्या दोन सामन्यांतला गुणफरक. त्या पोरीला मी वहीत मांडून दाखवलं: तिकडं जाऊन आपण १२ नं हरलो, इथं ९ नं जिंकलो, तर वर कोण? तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, ‘म्हणजे घरी जिंकून पण आपणच खाली?’ होय. म्हणून तिकडं हरत असतानाही शेवटच्या मिनिटाला जीव तोडून पळायचं असतं, १२ चे ८ करायचे असतात. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, सामना गेला तरी हे कशाला धडपडतायत.

नुसतं यजमानपद घेऊनही भागत नाही, हे मंत्रिमहोदयांना सांगायला हवं. २०२३ चा वर्ल्डकप फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशियात झाला. पण इंडोनेशियाला अट होती की आधी आशिया कपच्या पहिल्या आठांत या. ते आले नाहीत. सामने त्यांच्या गावात झाले आणि त्यांचा संघ प्रेक्षकांत.

आपल्या देशाचा हिशोब थोडक्यात सांगतो. वर्ल्डकपला आपण अजून एकदाही गेलेलो नाही. २०१९ साठीच्या फेरीत जॉर्डन, लेबनॉन, सीरिया समोर होते. सहा खेळलो, सहा हरलो. २०२३ च्या वेळी मात्र एकही सामना न जिंकता दुसऱ्या फेरीत गेलो, कारण गटातला कोरियाचा संघ कोरोनामुळं मनिलाला गेलाच नाही आणि फिबानं त्याला बादच केलं. गटात उरलो तीन, पुढं गेलो तिघं. याला प्रगती म्हणायचं की नशीब, तुम्हीच ठरवा.

२०२५ च्या आशिया कपची गोष्ट जास्त कामाची आहे. पात्रता गटात इराण, कतार आणि कझाकस्तान. पहिले दोघं थेट आत. आपण तिसरे. चेन्नईत, म्हणजे घरच्या सामन्यात, कझाकस्तानला हरवलं होतं, ते उपयोगी पडलं. तिसऱ्या नंबरवाल्यांसाठी आणखी एक दार असतं. त्या दारातनं मनामाला इराक आणि बहारीनशी खेळून आपण आत शिरलो. पुढं जेद्दात तिन्ही गटसामने हरलो, जॉर्डनशी तर जादा वेळेपर्यंत झुंजून. पण आत शिरलो म्हणूनच २०२७ च्या कतार वर्ल्डकपच्या पात्रता फेरीतल्या १६ मध्ये आपलं नाव आलं. एक घरचा सामना किती लांबपर्यंत पुरतो बघा.

आता म्हणाल, राष्ट्रीय संघ निवडणं माझं काम नाही, तो फेडरेशनचा विषय. मान्य. लेबनॉन, जॉर्डन, फिलिपिन्सवाले अमेरिकेतला एखादा खेळाडू नागरिकत्व देऊन उतरवतात, नियमानं संघात तसा एकच चालतो. आपण कुणाला उतरवायचं हेही दिल्लीत ठरतं. ते सोडा. तुमच्या हातात काय आहे तेवढंच बोलतो.

आमच्या पोरी गेल्या पावसाळ्यात एका शालेय स्पर्धेला गेल्या होत्या. सामना सकाळी नऊचा. कोर्ट सिमेंटचं, उघडं, कडेला शेवाळ. आम्ही पोती आणि वायपर घेऊन पाणी काढत होतो, वरनं परत सर येत होती. साडेअकराला एकदाचा सामना सुरू झाला. वेळ कमी म्हणून क्वार्टर छोटे केले. आमच्या पोरी ३ गुणांनी हरल्या. साडेबाराला त्यांचं वर्ष संपलं. पुढचा अधिकृत सामना थेट पुढच्या पावसाळ्यात, तोवर त्यातल्या दोघी वयोगटातनं बाहेर. परतीच्या गाडीत एकीनं विचारलं, ‘सर, त्यांना आपल्या कोर्टवर कधी बोलवायचं?’

साहेब, जग सव्वा वर्षाची लीग खेळून वर्ल्डकपला जातं, आणि आपण पोरांना बाद पद्धतीनं एका दिवसात घरी पाठवतो. हरल्यावर काय दुरुस्त करायचं, तेच सावज परत गाठायचं कसं, १२ चे ८ का करायचे, हे ज्यानं सोळाव्या वर्षापर्यंत एकदाही केलेलं नाही, त्यानं पंचविसाव्या वर्षी बैरूतमध्ये ते करावं अशी आपली अपेक्षा.

म्हणून मागणं एकच. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी हे चार जिल्हे घ्या. सोळा वर्षांखालच्या मुलींचा आणि मुलांचा प्रत्येकी एक संघ. घरचा आणि बाहेरचा सामना, प्रत्येकाशी दोनदा. प्रत्येकाचे सहा सामने, मुलींचे १२, मुलांचे १२. फिबाच्या गटाचं हेच गणित आहे, मी काही नवं सांगत नाही. पाऊस आणि परीक्षा टाळून चार शनिवार-रविवार ठरवा आणि ते हलवू नका. प्रवास एसटीनं होतो. सांगलीला जायला आम्हाला दीड तास लागतो, भडंग खाऊन परत येतो.

घरचं मैदान म्हणजे काय हे कोल्हापुरात शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की दोन्ही संघ गावातलेच असतात, तरी अर्धं गाव एकीकडं आणि अर्धं दुसरीकडं. त्यातली शंभर माणसं बास्केटबॉलच्या कोर्टाभोवती आली, तर फ्री थ्रो टाकणाऱ्या सातारच्या पोराचे हात थरथरतील. थरथरू देत. पुढच्या वेळी आमच्या पोराचे साताऱ्यात थरथरतील. त्यासाठीच तर हे.

दोन किरकोळ गोष्टी जाता जाता. २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आमच्याकडं नाही. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ओरडतो, ‘दहा! पाच!’ मागं एकदा ऐन वेळी घरून फोन आला, स्क्रीनवर बायकोचा फोटो, आणि किती सेकंद झाले यावर दोन्ही बाजूंची वादावादी. पंचांनी माझ्याकडं बघितलं, मी फोनकडं.

दुसरं, लाकडी फ्लोअर. २०१९ च्या फेरीतला एक घरचा सामना बघायला मी चार पोरांना घेऊन रात्रीच्या गाडीनं बेंगळुरूला, कांतीरवा स्टेडियमला गेलो होतो. संघ सरावाला उतरले तसा एक पोरगा दचकून म्हणाला, ‘सर, यांचे बूट वाजतायत कशामुळं?’ सिमेंटवर खेळलेल्या पोरानं तो चर्र-चर्र आवाज कधी ऐकलाच नव्हता. पुढं तो निवड चाचणीला गेला. तिथं लाकूड होतं. पहिल्याच वळणाला पाय अपेक्षेपेक्षा लवकर थांबला आणि तो तोंडावर आला. हॉल बांधायला पैसा लागतो, जागा लागते, वेळ लागतो, मला कळतं. तो सावकाश बांधा. लीगला मात्र विटाही लागत नाहीत, तारखा लागतात.

त्या ३ गुणांच्या सामन्याची स्कोअरशीट मी अजून फायलीत ठेवली आहे. पोरींनी तिच्यावर पेन्सिलनं वर ‘पहिला लेग’ असं लिहून ठेवलंय.

आपला,
कोल्हापुरातला एक टेबल ऑफिशियल