नायटिनॉलचा पहिला नमुना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाच्या पडद्याला जन्मतः असलेलं छिद्र छाती न उघडता बुजवण्यासाठी तारेची विणलेली चकती बारीक नळीतून आत नेतात. नळीबाहेर पडताच ती आपोआप पसरते. ही तार नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची; भट्टीत दिलेला आकार ती वाकवल्यावरही परत घेते. अशी चकती तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या साथीने तयार केली आणि २०२१ मध्ये तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या कंपनीकडे आलं. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना मात्र वाटतं की या धातूला हात लावायचा तर लाखो रुपये हवेत.

गेल्या वर्षी दोन विद्यार्थी नायटिनॉलच्या एका जाळीदार सांगाड्याचं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आले. तो लेझरने नायटिनॉलची नळी कापून करायचा तर प्रत्येक बदलाला नवी नळी आणि नवा खर्च. आम्ही तार घेतली. स्टीलच्या नळीवर भोकं पाडून पिना बसवल्या, त्यांच्याभोवती तार विणली, टोकं घट्ट बांधली आणि मफल भट्टीत (बंद कप्प्याच्या भट्टीत) ५०० अंशांवर दहा मिनिटं ठेवून पाण्यात बुडवली. पहिला साचा भरीव ठोकळ्याचा होता. तो तापायलाच इतका वेळ गेला की तारेला आकार बसलाच नाही. पातळ नळी घेतल्यावर काम झालं. उलट, तार भट्टीत जास्त वेळ राहिली तर तिचं दिलेल्या आकारात परतण्याचं तापमान वर सरकतं, आणि ते शरीराच्या ३७ अंशांच्या खालीच राहायला हवं. ते बघायला बर्फाचं पाणी, कोमट पाणी आणि चांगला थर्मामीटर पुरला. आकार चुकला की पिना हलवायच्या आणि पुन्हा विणायचं.

हा नमुना रुग्णाच्या शरीरात जाण्यासाठी नाही. धातूचा थकवा (पुन्हा पुन्हा वाकून तडकणं), निकेलचं पाझरणं, पृष्ठभागाचं पॉलिशिंग या चाचण्या प्रमाणित प्रयोगशाळेतच व्हायला हव्यात. पण तिथे जाण्याआधीच्या दहा चुका वर्कशॉपमध्ये स्वस्तात करून घेता येतात.

खरी अडचण तारेची आहे. विद्यार्थ्याला दोन-तीन मीटर पुरते, पण विक्रेते मोठी रिळं देतात. विद्यापीठाने एक रीळ घेऊन संलग्न महाविद्यालयांना मीटरवर द्यावी आणि भट्टी असलेली वर्कशॉप्स तासिकांनंतर संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवावीत, एवढी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, पिंपरी