रामलिंगचं स्टेशन, चौकी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला धाराशिव जिल्ह्याच्या रेल्वेवरचा लेख वाचला. 'जिल्ह्याला शंभर वर्षं रेल्वेची वाट पाहावी लागली' हे त्यातलं वाक्य साफ चुकीचं आहे. धाराशिव शहरात गाडी ब्रॉडगेजबरोबर आली, हे मान्य. पण शहर म्हणजे जिल्हा नव्हे. कुर्डुवाडी ते बार्शी अशी 1897 ला सुरू झालेली अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे, बार्शी लाइट, 1911 ला लातूरला पोचली, ती येडशी, तडवळे, ढोकीच्या शिवारातूनच.

त्याहून लागलं ते फोटोखालचं वाक्य. 'रामलिंगच्या जंगलातील निजामकालीन चौकी' म्हणे! साहेब, ते येडशीजवळच्या रामलिंगचं रेल्वे स्टेशन आहे. माझे थोरले चुलते तिथे कांटेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. श्रावणी सोमवारी ते मला सोबत नेत. नारळ, बेल, दशम्यांची गाठोडी घेऊन बायामाणसं उतरायची आणि दरीतल्या देवळाकडे निघायची. माकडं पिशव्या ओढायची म्हणून चुलते काठी घेऊन उभे राहत. गाडी घाट चढून आली की इंजिनाला दम खायला वेळ लागे, तेवढ्यात गार्ड आमच्याच डब्यातली भाकरी मोडून खायचा. ज्या भिंतीला तुम्ही चौकी म्हणता, तिच्या आत तिकिटाची खिडकी होती.

हद्द निजामाची होती, रेल्वे नव्हती. ती लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने दर आसावर पाच टनांहून जास्त भार पडू नये, असा हिशेब धरून इंजिनं आणि डबे बांधून घेतले, म्हणून एवढ्या हलक्या रुळांवर अवजड माल चालला. सरकारने ती 1954 ला विकत घेतली. पुढे गेज बदलताना मार्ग धाराशिवकडून वळवला आणि रामलिंगचा घाट कायमचा सुटला. शहराला गाडी मिळाली याचा आनंद आम्हालाही आहे, पण त्यासाठी आमचं स्टेशन पुसायचं कारण नाही.

2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, तेव्हा तुमच्याच पहिल्या पानावर मोठा मथळा होता. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट बार्शी लाइटनेच घालून दिली होती. लेखकाने येडशीत कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तर एका चहात सगळं कळलं असतं.

दुरुस्ती त्याच पानावर, फोटोसकट छापावी, ही विनंती. चुलते आता नाहीत, पण त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं अजून गावात पेपर वाचतात.

आणखी एक. मागे येडशी स्टेशनवर पिण्याच्या पाण्याची सोय नाही म्हणून लिहिलेलं माझं पत्र तुम्ही अर्ध्यात कापलं. नेमका पाण्याचाच परिच्छेद गेला. नळ अजून कोरडा आहे. हे पत्र तरी पूर्ण छापावं.

आपला,
एक जुना वाचक, येडशी