आठवण : रविवारचा सिम्युलेशन सराव

सर्व नर्सिंग ट्यूटर सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता परळच्या स्किल लॅबमध्ये आपला सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर प्रसंग उभा करून शिकवण्याचा, सराव आहे. मेगाब्लॉक बघूनच घरून निघा.

२०२१च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा मिळाली, पण मॅनिकिन (सरावाचा पुतळा) कपाटात बंद राहिलं तर त्याचा उपयोग काय? माझ्या एका विद्यार्थिनीला सीपीआरचे (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या उपचाराचे) आकडे तोंडपाठ होते : मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांनंतर २ श्वास. मॅनिकिनवर मात्र तिची कोपरं वाकली आणि दाब जेमतेम ३ सेंमी गेला. हात सरळ करून दिले, खांदे हातांच्या बरोबर वर आणायला लावले, तेव्हा कुठे दाब पुरेसा खोल गेल्याचा 'टक' असा आवाज मॅनिकिनमधून आला. ही चूक खऱ्या रुग्णाच्या छातीवर व्हायला नको, म्हणून एवढा आग्रह.

सरावातला प्रसंग दहाच मिनिटांचा. नंतरच्या चर्चेला दुप्पट वेळ ठेवला आहे, खरं शिकणं तिथेच होतं. आधी विद्यार्थ्याची भूमिका करणाऱ्याला बोलू द्या, लगेच चुका काढू नका. सरावाचे व्हिडिओ ग्रुपवर कृपया टाकू नयेत.

ॲप्रन आणि सेकंदकाट्याचं घड्याळ आणा. अंगठ्या-बांगड्या घरीच ठेवा. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

– सराव समन्वयक