साठी, बुद्धी आणि चाळिशीतला रक्तदाब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला उच्च रक्तदाबावरचा लेख वाचला. हृदय, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, सगळ्यांची दखल घेतली आहे. मेंदूच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, तेही लकव्यापुरतं. लकवा सगळ्यांना कळतो. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, घरदार गाडी शोधायला धावतं. त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं आत काय चाललेलं असतं, ते छापायला हवं होतं.

कराडच्या बाजूला माझं औषधाचं दुकान आहे. बीपीच्या गोळीइतकी हयगय दुसऱ्या कुठल्याच गोळीची होत नाही. ‘दुखत तर काहीच नाही.’ ‘मागच्या वेळी 130 भरलं, म्हणून बंद केली.’ ‘एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते.’ 130 भरलं ते गोळीमुळेच, हे सांगितलं की माणूस हसतो आणि खोकल्याचं औषध घेऊन निघून जातो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला सहावा-सातवा वाटा तो एकटा घेतो. त्याच्या खोल भागात जाणाऱ्या केसासारख्या रक्तवाहिन्या मोठ्या धमनीतून थेट फांद्यांसारख्या निघतात. मोटारीचं पाणी पाटात न घेता थेट वाफ्यात सोडावं, तसा दाब त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी फुटली तर रक्तस्राव. बुजली तर मसुराच्या डाळीएवढा भाग मरतो आणि पुष्कळदा घरात कुणाला पत्ताही लागत नाही. पुढे दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला की फिल्मवर पांढरे ठिपके दिसतात आणि ‘वयोमानानुसार’ म्हणून फाइल मिटते.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या या आजारात नावं विसरण्याची तक्रार बऱ्याचदा नंतर येते. आधी विचाराची गती मंदावते. सोसायटीचे हप्ते, बियाण्याचा खर्च, लेकीच्या लग्नाची देणी असा हिशोब डोक्यात ठेवणारा माणूस दोन कामं एकत्र आली की गोंधळतो. पावलं आखूड पडू लागतात. चिडचिड वाढते, नाहीतर माणूस गप्प होतो. घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक विसरभोळ्याला बीपीच कारणीभूत, असं माझं म्हणणं नाही. पण यातला काही भाग टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळायची वेळ चाळिशीची, सत्तरीची नव्हे.

याला आधारही आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांवर रुग्णांचे दोन गट केले. एकाचा वरचा आकडा 140च्या आत ठेवायचा, दुसऱ्याचा 120च्या आत. 2019मध्ये मेंदूविषयीचे निष्कर्ष आले, तेव्हा दुसऱ्या गटात स्मृती आणि आकलनातली सौम्य घसरण 19 टक्क्यांनी कमी आढळली. पुऱ्या स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. मधुमेही आणि आधी लकवा होऊन गेलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणून हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी वाढवू नये. म्हाताऱ्या माणसाचा दाब एकदम खाली आला तर तो न्हाणीघरात पडतो आणि खुब्याचं हाड मोडून घेतो. आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

एके काळी गोळीच नव्हती. मार्च 1944मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब 186/108 भरला होता. डॉक्टरांच्या हातात विश्रांती, अळणी जेवण, हृदयाचं एक जुनं औषध, एवढंच. 12 एप्रिल 1945 रोजी डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आल्याचं सांगून ते कोसळले. तेव्हा दाब 300/190 होता आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला जे मिळालं नाही, ते आज आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. माझ्याकडेही रोजच्या गोळीला चहाइतकेही पैसे पडत नाहीत.

फुकट मिळतं, पण कुणाला? रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. गावात राहणाऱ्याला त्याचा फायदा झाला, हे मी पाहतो. पण दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे फडात, रात्री उशिरापर्यंत गाडी भरणं. दवाखान्याला गेलं तर खाडा पडतो आणि मुकादम तो आगाऊ दिलेल्या उचलीत धरतो. गावाकडून आणलेल्या गोळ्या संपतात, कार्ड तिकडच्या केंद्राचं. मग चाळिशीची बाई माझ्या काउंटरवर स्ट्रिप कापून चार गोळ्या मागते. पुढच्या चार घ्यायला ती येतेच असं नाही.

आरोग्य खात्याला सांगणं एवढंच: टोळी गाव सोडण्याआधी प्रत्येक कोयत्यातल्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यातल्या, दोघांचा बीपी मोजा, गोळी चालू असेल त्याला निदान तीन महिन्यांचा साठा द्या आणि तेच कार्ड कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रात चालू द्या. आपल्या वार्ताहराने गाळप सुरू होण्याआधी याची चौकशी करावी, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, कराड तालुका