पेडल न उघडता परत करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

माझं बास गिटारचं प्रीॲम्प पेडल (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारी आणि आवाजाचा पोत ठरवणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) मी तुमच्याकडे दुरुस्तीला दिलं होतं. तुम्ही त्याचा एकही स्क्रू न काढता ते परत दिलंत, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. उघड लिहितोय, कारण हाच त्रास असलेले अनेक बासवाले मला माहीत आहेत आणि त्यातले बरेचजण आत्ता नवीन पेडल शोधत असतील.

तक्रार तुम्हाला आठवत असेलच. आवाज मुद्दाम फाडणारा ड्राइव्हचा नॉब शून्यावर, फाटका आणि स्वच्छ आवाज मिसळणारा ब्लेंडचा नॉब पूर्ण स्वच्छ बाजूला, तरी आवाज फाटत होता. फाटका आवाज मला वर्ज्य आहे असं नाही, फझ लावून वाजवायला मला मनापासून आवडतं. पण तो मी पाय दाबल्यावर यावा, आपल्या मर्जीने नव्हे. ज्याला विचारावं त्याचं निदान वेगळं. कुणी म्हणे केबल, कुणी म्हणे ॲडाप्टर, कुणी म्हणे हे मॉडेलच तसलं. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की गडबड पेडलपाशीच आहे, बासमध्ये नाही.

तुम्ही पेडलकडे पाहिलंही नाहीत. आधी विचारलंत, फाटतं ते नेमकं कधी, तार छेडल्याबरोबर की स्वर विरताना? आणि बास घेऊन या म्हणालात. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मोकळी ई तार छेडून कान देऊन ऐकल्यावर कळलं की दोन्हीकडे फाटतंय, आणि दोन्ही आवाज वेगळे आहेत. छेडल्याबरोबर येणारा जाड, भसाडा. आणि स्वर संपत आला की शेपटीला येणारी बारीक, तुटक चरचर. आम्ही सगळे त्याला एकच रोग समजत होतो. म्हणून तर एकही उपाय धड लागू पडत नव्हता. एक बरा केला तरी दुसरा शिल्लक राहायचा, आणि वाटायचं की काहीच फरक नाही.

जोरात वाजवल्यावर फाटणं म्हणजे सिग्नल कुठेतरी छताला आपटतोय, हे समजायला सोपं आहे. हळू वाजवलं की ते थांबतं. पण स्वर बारीक होत जाताना, म्हणजे सिग्नल लहान असताना चरचर येत असेल, तर तिथे पातळीचा प्रश्न नाही. तिथे कुठेतरी वीज अपुरी पडतेय नाहीतर जोड सैल आहे. एवढा एक फरक कळला की अर्धी शोधाशोध वाचते.

मग तुम्ही पेडल साखळीतून काढूनच टाकलंत. नुसतं पायाने बंद केलं नाहीत, कारण काही पेडलांत बंद असतानाही सिग्नल आतल्या बफर नावाच्या सर्किटमधून जातो. बास सरळ ॲम्पला लावला, आणि शेपटीची चरचर होती तश्शी! पेडल टेबलावर शांत पडलेलं आणि चरचर चालूच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी प्रत्यक्ष ऐकलं.

बासच्या पाठीमागचं छोटं झाकण उघडून तुम्ही मल्टिमीटरच्या सुया बॅटरीला टेकवल्यात, तेही केबल बासला लावलेली असताना. कारण ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या, बासमध्ये केबलचा प्लग आत गेला की जॅकमधूनच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. प्लग काढून मोजलं तर बॅटरीवर काही भारच नसतो आणि मरायला टेकलेली बॅटरीही बरा आकडा दाखवते. नवी अल्कलाइन ९ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या आसपास दाखवते. माझी सहाच्या आसपास रेंगाळत होती. तेवढ्यावर आतल्या सर्किटला नीट उभंही राहता येत नाही. बॅटरी बदलली आणि शेपूट स्वच्छ झाली. वाजवून झालं की केबल बासमधून उपसून ठेवायची हे त्या दिवसापासून आमच्या बँडमध्ये सक्तीचं आहे. प्लग आत राहिला तर वाजवा नाहीतर झोपा, बॅटरी खर्च होतच राहते.

दुसरा रोग उरला होता. पेडल पुन्हा जोडलं, छेडलं, भसकन फाटलं. इथे तुम्ही मला दोन नॉब फिरवायला लावलेत, ती तपासणी मला सगळ्यात जास्त आवडली. आधी पेडलमधून बाहेर जाणारा आवाज ठरवणारा मास्टर निम्म्यावर. आवाज लहान झाला, पण फाटका तो फाटकाच. मग मास्टर पूर्ववत करून बासचाच व्हॉल्यूम कमी केला, आणि लख्ख! म्हणजे फाटणं मास्टरच्या आधी जन्माला येतंय. एकदा शिखरं कापली गेली की पुढे आवाज कितीही खाली आणा, कापलेलं परत जोडलं जात नाही. हे ऐकायला इतकं साधं वाटतं, पण क्लिपिंग, म्हणजे असं शिखर कापलं जाणं, झालं की पहिला हात मास्टरकडेच जातो, आणि हे मी भल्या भल्या वादकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मग कागदावर तुम्ही हिशेब मांडलात. समजा बासमधून येणाऱ्या सिग्नलचं शिखर १ व्होल्टचं आहे, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत २ व्होल्ट. पेडलवर खर्ज १२ डेसिबलने चढवला की व्होल्टेज चौपट होतं, म्हणजे ८. पेडलला मिळतात ९, पण आतले सिग्नल वाढवणारे बरेचसे ऑप-ॲम्प दोन्ही टोकांना एकेक-दीडेक व्होल्ट अलीकडेच थांबतात. म्हणजे हातात उरतात सहा-सात. आठ त्यात मावणार कसे? आणि माझ्या बासवरही खर्जाचा नॉब चढवलेलाच होता. ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, त्यामुळे नेमका तोच दोन्हीकडे फुगत होता. वरच्या तारांवर तक्रार का नव्हती, तेही त्यातच उलगडलं.

उपायात नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही. पेडलच्या इनपुटजवळचा, येणारा सिग्नल कमी करणारा पॅडचा स्विच दाबला, बासवरचा खर्ज मधल्या खाचेवर आणला, पेडलवर खर्ज चढवण्याऐवजी मधले स्वर थोडे उतरवले आणि कमी झालेला आवाज ॲम्पवर भरून काढला. तारांची थरथर पकडणाऱ्या पिकअपचा जाड तारांकडचा भाग स्क्रू फिरवून किंचित खाली नेला. आवाज जाड तर राहिलाच, वर बोटांचा स्पर्शही आता ऐकू येतो.

मला १८ व्होल्टचा ॲडाप्टर लावायचा सल्ला अनेकांनी दिला होता. तुम्ही पेडल उलटं करून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचायला लावलीत. त्यावर ९ व्होल्ट डीसी, आतली पिन ऋण, लागणारा करंट किती, एवढंच छापलेलं. १८ चा उल्लेख नसेल तर लावायचे नाहीत. चालत असतील तिथे हेडरूम, म्हणजे फाटण्याआधी सिग्नलला मिळणारी जागा, जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबल. पण काही पेडलं आतल्या आतच व्होल्टेज वाढवून घेतात, तिथे बाहेरून वाढवून फारसं काही साधत नाही, आणि काही सरळ जळतात. हे ऐकल्यावर आमच्या गिटारवाल्याने त्याचा १८ चा ॲडाप्टर मुकाट्याने बॅगेत टाकला.

जाता जाता सांगितलेल्या गोष्टीही वाया गेल्या नाहीत. प्रीॲम्प पेडल ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावलं की एकावर एक दोन प्रीॲम्प होतात, म्हणून आता मी ते जमेल तिथे मागच्या इफेक्ट्स रिटर्नला, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प वगळणाऱ्या इनपुटला, लावतो. डीआयमधून, म्हणजे पेडलच्या मिक्सरला सरळ जोडायच्या आउटपुटमधून, मिक्सरच्या माइकच्या इनपुटला जाताना त्या आउटपुटच्या पातळीचा लाइन-माइक स्विच ‘माइक’कडे आहे ना, हे आधी बघतो. आणि ग्राउंड लिफ्ट हे बटण हमसाठी, म्हणजे अर्थिंगमुळे येणाऱ्या गुणगुणीसाठी, आहे, फाटण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे आता मीच दुसऱ्यांना ठसक्यात सांगतो.

तुम्ही पेडल उघडलं असतंत, एखादा कॅपॅसिटर बदलला असतात आणि त्याचे पैसे मागितले असतेत, तर मी आनंदाने दिले असते. मला काय कळणार होतं? त्याऐवजी चांगलं पेडल चांगलं आहे असं सांगण्यात तुम्ही तुमचा वेळ घातलात, आणि तपासायचं कसं तेही शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आता एक नवीन भानगड. आवाज मोठा केला की कॅबिनेटमधून ए स्वरावर बारीक घरघर येते. हेडफोनवर येत नाही, म्हणजे बास आणि पेडल दोन्ही सुटले. जाळीचा एक स्क्रू सैल होता, तो आवळल्यावर घरघर कमी झाली, पण गेली नाही. मला स्पीकरच्या कॉइलचा संशय आहे. अख्खं कॅबिनेट घेऊन येऊ की नुसता स्पीकर काढून आणू, तेवढं कळवा.

तुमचा,
एक बासवाला